विद्यापीठाच्या आयटी समितीवर नाव लागलंय? मग हे आधी वाचा

कुलसचिव कार्यालयातून दोन ओळींचं पत्र येतं: आपली माहिती तंत्रज्ञान समितीवर प्राध्यापक प्रतिनिधी म्हणून नियुक्ती करण्यात येत आहे. पुढे काय करायचं, हे त्यात नसतं. आधीच्या सदस्यांना विचारावं तर ते हसतात: ‘काही नाही हो, वर्षाला चार बैठका. हजेरी लावायची.’

मी इतिहास शिकवतो. पहिल्या बैठकीला गेलो तेव्हा सर्व्हर आणि स्विच यांतला फरक मला सांगता आला नसता. सहा वर्षांनी समितीवरून उतरलो तेव्हाही धड सांगता आला नसताच; पण त्यावाचून काही अडत नाही, हे तोवर कळलं होतं. अध्यापन, संशोधन आणि परीक्षा यांवर परिणाम करणारा निर्णय सही होण्याआधी पाहणं, एवढंच आपलं काम. सहीनंतर दाखवतात ती बातमी. बातमीवर कसली देखरेख करणार?

ते ‘आधी’ कसं गाठायचं, त्यासाठी या पायऱ्या.

1. नियुक्तीपत्र बाजूला ठेवा, समितीचा मूळ ठराव शोधा

समिती ज्या ठरावानं किंवा नियमानं स्थापन झाली तो कागद मागवा आणि त्यातली क्रियापदं पाहा. ‘सल्ला देईल’, ‘शिफारस करेल’, ‘मान्यता देईल’. ओळीनं लिहिलेली असली तरी या तिन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘मान्यता’ कुठेही नसेल तर समिती सल्लागार आहे हे समजून चाला. म्हणून निराश होऊ नका. सल्ला लेखी दिला आणि तो का मानला नाही याचं उत्तर लेखी मागितलं, तर सल्लागार समितीलाही वजन येतं.

गणपूर्तीचं कलम सोडू नका. आमच्या समितीत अकरा जण होते, त्यांतले सात पदसिद्ध अधिकारी. गणपूर्ती पाचाची. म्हणजे एकही शिक्षक हजर नसताना बैठक रीतसर होऊ शकत होती, आणि सुट्ट्यांच्या काळात तशी झालीही. ‘पाचांपैकी किमान दोन शिक्षक’ एवढी दुरुस्ती करून घ्यायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

‘हे प्रशासकीय आहे, यात शिक्षकांचा काय संबंध’ असं कुणी म्हणालंच तर एक जुना आधार कामी येतो. अमेरिकेत 1966 साली प्राध्यापकांची संघटना, शिक्षणसंस्थांची परिषद आणि नियामक मंडळांची संघटना यांनी मिळून विद्यापीठाच्या कारभाराबद्दल एक निवेदन तयार केलं. अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत आणि संशोधन यांत मुख्य जबाबदारी अध्यापकांची, असं त्यात म्हटलं आहे. तुमच्या विद्यापीठाला ते बंधनकारक नसेल, पण युक्तिवाद तोच: गृहपाठ कुठे जमा होतो, गुण कुणाला दिसतात, परीक्षा कशावर होते हे जे सॉफ्टवेअर ठरवतं, ते शिकवण्याच्या पद्धतीचाच भाग आहे.

2. कागद गोळा करा

पहिल्या बैठकीच्या आधी सदस्य सचिवांना ईमेल पाठवून हे मागा. फोनवर मागू नका.

- समितीचा ठराव आणि कार्यकक्षा
- मागच्या दोन वर्षांची इतिवृत्तं
- चालू करारांची यादी: पुरवठादार, कशासाठी, मुदत कधी संपते, नूतनीकरण नको असेल तर किती दिवस आधी कळवायचं, वर्षाची रक्कम
- आयटीचं अंदाजपत्रक, मंजूर आणि प्रत्यक्ष खर्च दोन्ही
- ईमेल, नेटवर्क वापर आणि डेटा जपणुकीची धोरणं
- मागच्या सुरक्षा तपासणीचा सारांश
- वर्षभरात सेवा बंद पडल्याच्या मोठ्या घटना, कारणांसह

यांतली करारांची यादी बहुधा अस्तित्वातच नसते. आमच्याकडे नव्हती. काही करार खरेदी विभागात, काही ग्रंथालयात, दोन तर एका विभागप्रमुखांच्या कपाटात. ती यादी तयार करण्यात माझं पहिलं वर्ष गेलं, आणि सहा वर्षांत आमच्या हातून झालेलं सगळ्यात उपयोगी काम तेच.

‘गोपनीय आहे’ हे उत्तर ठरलेलं. त्यावर वाद घालू नका. नेमका कुठला भाग गोपनीय, एवढंच विचारा. सुरक्षा अहवालातले कच्चे दुवे झाकलेच पाहिजेत. कराराची मुदत आणि रक्कम सहसा झाकायचं कारण नसतं.

3. एक सकाळ हेल्पडेस्कवर बसा

ही पायरी कुणी सांगत नाही. मी तर एका भांडणानंतर गेलो होतो. आयटीचे लोक मुद्दाम अडवतात असा माझा समज होता. टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसलो. साडेदहापर्यंत सदतीस तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, आली. त्यांतली निम्मी पासवर्डची. एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी तोच प्रश्न तीन वेगवेगळ्या पत्त्यांवर पाठवला होता आणि तिन्ही तिकिटं त्याच एका मुलीच्या पुढ्यात येऊन पडली होती. सर्व्हर, नेटवर्क आणि हेल्पडेस्क मिळून त्या विभागात नऊ माणसं.

त्यानंतर माझा बैठकीतला सूर बदलला. ‘तुम्ही हे का केलं नाही’ ऐवजी ‘हे करायला काय कमी पडतंय’ असं विचारू लागलो, आणि उत्तरं खरी मिळू लागली. अनेकदा कमी पडत होतं ते मनुष्यबळ, आणि ते मिळवून द्यायला शिक्षकांचा आवाज आयटी संचालकांनाही हवाच होता.

याच भेटीत हद्दही ठरवून घ्या. कुठल्या कंपनीचा स्विच घ्यायचा, केबल कुठून न्यायची, हे त्यांचं. विद्यार्थ्यांचा डेटा कुणाच्या ताब्यात जातो, परीक्षेच्या आठवड्यात यंत्रणेला हात लावायचा की नाही, कुणाचा ईमेल कोण उघडू शकतो, हे आपलंही. पहिल्या प्रकारात नाक खुपसलंत तर दुसऱ्या प्रकारात तुमचं कुणी ऐकणार नाही.

4. तारखांचा तक्ता भिंतीवर लावा

एका कागदावर तीन रांगा: अंदाजपत्रकाचे टप्पे, करारांच्या नोटिशीच्या तारखा, परीक्षा आणि निकालांचे आठवडे. बैठका या तक्त्यावरून ठरवायच्या.

सापळा नोटिशीच्या तारखेत असतो. बऱ्याच सॉफ्टवेअर करारांत आपोआप नूतनीकरणाचं कलम असतं: मुदत संपण्याच्या साठ किंवा नव्वद दिवस आधी कळवलं नाही, तर करार पुढे चालू. आमच्याकडे ऑनलाइन परीक्षेचं एक सॉफ्टवेअर सगळ्यांना नकोसं झालं होतं. बैठकीत एकमतानं ‘बंद करा’ म्हटलं. मग खरेदी विभागातल्या बाईंनी शांतपणे फाईल उघडून दाखवली: नोटिशीची तारीख उलटून अकरा दिवस झाले होते. आणखी एक वर्षाचे पैसे गेले.

पुरवठादारही खेळाचे नियम बदलतात. गूगलनं शिक्षणसंस्थांना अमर्याद साठवण देऊ केली होती. 2021 साली जाहीर केलं की यापुढे पूर्ण संस्थेला मिळून 100 टेराबाइटपासून सुरुवात, आणि जुन्या ग्राहकांना हे 2022 च्या जुलैपासून लागू. ज्या विद्यापीठांनी संशोधनाचा डेटा तिथे भरून ठेवला होता, त्यांना घाईनं आवराआवर करावी लागली. तेव्हा ‘फुकट’ आणि ‘अमर्याद’ हे शब्द आले की तक्त्यावर लाल खूण करून ठेवा.

5. करार सहीपूर्वी वाचा

इथे वेळ द्या. बाकी एखादी बैठक चुकली तरी चालेल.

पूर्ण करार शंभर पानांचाही असतो. सगळा वाचायला विधी विभाग आहे. तुम्ही या प्रश्नांची उत्तरं शोधा:

डेटा कुणाचा? ‘संस्थेचा’ असं असतंच. त्यापुढचं वाक्य वाचा. ‘सेवा सुधारण्यासाठी वापरण्याचा हक्क’ पुरवठादाराला असेल, तर विद्यार्थ्यांचे निबंध त्यांच्या पुढच्या उत्पादनासाठी वापरले जाणार का, हे स्पष्ट लिहून घ्या.

सोडताना काय? हा प्रश्न लग्नातच घटस्फोटाचं बोलल्यासारखा वाटतो, म्हणून कुणी विचारत नाही. करार संपल्यावर डेटा कोणत्या स्वरूपात परत मिळणार, किती दिवसांत, किती पैशांत, आणि त्यांच्याकडची प्रत पुसल्याचा दाखला मिळणार का? दहा वर्षांची प्रश्नपेढी परत मिळाली खरी, पण फक्त पीडीएफमध्ये. म्हणजे न मिळाल्यासारखीच. हे आमच्याकडे घडलेलं आहे.

डेटाची चोरी झाली तर किती तासांत कळवणार? युरोपातला डेटा संरक्षणाचा जीडीपीआर कायदा 2018 पासून लागू आहे आणि त्यात नियामकाला सामान्यतः 72 तासांच्या आत कळवण्याची अट आहे. तुम्ही कुठेही असा, तासांचा आकडा करारात हवा. ‘वाजवी वेळेत’ म्हणजे काहीच नाही.

किती टक्के वेळ सेवा चालू राहील? 99 टक्के ऐकायला छान वाटतं. त्याचा अर्थ वर्षात साडेतीन दिवसांहून जास्त काळ बंद चालेल. 99.9 म्हटलं तर पावणेनऊ तास. त्यातून ‘नियोजित देखभाल’ वगळलेली असते, आणि ती परीक्षेच्या दिवशी नियोजित करायला त्यांना कोण अडवणार? तुम्ही. करारातच.

सगळ्यांना वापरता येतं का? वेबच्या सुलभतेसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. 2008 मध्ये त्यांची 2.0 आवृत्ती आली, 2018 मध्ये 2.1, 2023 मध्ये 2.2. कागदावर सगळेच पुरवठादार ‘पालन करतो’ म्हणतात. सादरीकरणाच्या वेळी एवढंच करा: माऊस बाजूला ठेवायला सांगा आणि फक्त टॅब व एंटर वापरून गृहपाठ जमा करून दाखवा म्हणा. आमच्या खोलीत एकदा पुरवठादाराचा माणूस चार मिनिटं टॅब दाबत राहिला. आपण पानावर कुठे आहोत हे दाखवणारी निळी चौकट मेनूभोवतीच फिरत होती, ‘जमा करा’ बटणापर्यंत काही पोचेना. त्या दिवशी कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

सुरक्षेचे प्रश्न स्वतः तयार करत बसू नका. उच्च शिक्षणासाठीची हेकव्हॅट नावाची तयार प्रश्नावली आहे. पुरवठादारानं ती भरून द्यावी अशी अट घालता येते. भरलेली उत्तरं मात्र तुमच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं तपासायची, नाहीतर तोही एक फाईलला लावायचा कागद होतो.

आणि एक नवीन सापळा: करार जुनाच, पण त्यात नवी सोय गुपचूप येते. निबंधांतली वाङ्मयचोरी तपासणाऱ्या टर्निटिन या सॉफ्टवेअरनं एप्रिल 2023 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेनं लिहिलेला मजकूर ओळखण्याची सोय सुरू केली. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाचं म्हणणं असं की त्यांना 24 तासांचीही पूर्वसूचना नव्हती आणि तेव्हा ती बंद करायचा पर्यायही नव्हता. त्यांनी साधा हिशेब मांडला: 2022 मध्ये आपण 75,000 निबंध तपासायला टाकले, कंपनी सांगते तशी एक टक्का चूक धरली, तरी सुमारे 750 निबंधांवर खोटा ठपका आला असता. ऑगस्ट 2023 मध्ये त्यांनी ती सोय बंद केली. या हिशेबाला संगणकशास्त्र लागत नाही, गुणाकार लागतो. ‘मूल्यमापनावर परिणाम करणारी नवी सोय संस्थेच्या लेखी संमतीशिवाय सुरू होणार नाही’ हे वाक्य करारात घालायला सांगा.

6. कोण काय पाहू शकतं, हे लेखी घ्या

2015 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिसमधल्या आरोग्यसेवेवर सायबर हल्ला झाल्याचं उघड झालं. 45 लाखांपर्यंत लोकांच्या माहितीचा प्रश्न होता. त्यानंतर विद्यापीठाच्या मुख्यालयानं आपल्या परिसरांच्या नेटवर्कवर देखरेखीची यंत्रणा बसवली आणि हे बाहेर बोलायचं नाही असं स्थानिक आयटी कर्मचाऱ्यांना बजावलं. याच विद्यापीठाच्या बर्कली परिसरातल्या आयटी समितीवरच्या प्राध्यापकांना हे कळलं तेव्हा त्यांनी आक्षेप घेतला आणि 2016 च्या सुरुवातीला सहकाऱ्यांना पत्र लिहून ते उघड केलं. मुख्यालयाचं म्हणणं होतं की हे सुरक्षेसाठीच आहे. असेलही. पण ज्या समितीनं पाहायचं, तिच्यापासूनच लपवलं होतं, हा मुद्दा उरतोच.

हार्वर्डचा किस्सा वेगळा. 2012 मध्ये परीक्षेतल्या कॉपीच्या प्रकरणातली अंतर्गत माहिती बाहेर कुणी दिली हे शोधायला 16 निवासी डीनांच्या (विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत राहून त्यांच्याकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या) ईमेल खात्यांत शोध घेतला गेला. मार्च 2013 मध्ये ते वर्तमानपत्रात आलं. पुढे 2014 मध्ये तिथे नवं धोरण झालं: कुणाच्या परवानगीनं खातं पाहायचं, संबंधिताला कसं कळवायचं, नोंद कशी ठेवायची, आणि यावर लक्ष ठेवायला एक समिती.

तुमच्या धोरणात हेच चार मुद्दे आहेत का पाहा. नसतील तर पहिल्याच वर्षी विषयपत्रिकेवर घ्या, आणि प्रकरण घडायच्या आधी घ्या. प्रकरण घडल्यावर प्रत्येक वाक्य कुणाच्या तरी बाजूचं वाटू लागतं.

ऑनलाइन परीक्षेतला कॅमेराही याच खात्यात येतो. विद्यार्थ्याला खोली फिरवून दाखवायला लावणं घटनाविरोधी आहे असा निकाल ऑगस्ट 2022 मध्ये अमेरिकेतल्या संघीय न्यायालयानं क्लीव्हलंड स्टेट विद्यापीठाच्या प्रकरणात दिला. तुमच्याकडचा कायदा वेगळा असेल. प्रश्न तोच आहे.

7. बॅकअपबद्दल एकच प्रश्न विचारा

‘बॅकअप आहे का?’ विचारू नका. ‘आहे’ हेच उत्तर येतं. ‘बॅकअपमधून शेवटचं परत कधी आणून पाहिलं?’ असं विचारा आणि तारीख मागा.

क्योटो विद्यापीठात डिसेंबर 2021 मध्ये महासंगणकाच्या साठवणीतला सुमारे 77 टेराबाइट संशोधन डेटा पुसला गेला, तो बॅकअपच्याच प्रोग्राममध्ये पुरवठादारानं केलेल्या बदलामुळे. 3 कोटी 40 लाखांच्या आसपास फायली, 14 संशोधन गट. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात 2019 च्या नाताळाच्या तोंडावर खंडणीखोरांनी 267 सर्व्हर कुलूपबंद केले. काही बॅकअपही त्याच नेटवर्कवर असल्यानं तेही गेले. शेवटी 30 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, मोजावे लागले. सुरुवात झाली होती ऑक्टोबरमधल्या एका फसव्या ईमेलपासून. मास्ट्रिख्टचं कौतुक एका गोष्टीसाठी: फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी सगळा प्रकार जाहीरपणे मांडला. तो वाचून इतरांना शहाणं होता येतं.

तुमच्या पातळीवर मागणी इतकीच: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, शक्यतो नेटवर्कपासून तोडलेली. आणि वर्षातून एकदा समितीसमोर एक जुना अभ्यासक्रम परत आणून दाखवायचा.

8. बैठकीत

- विषयपत्रिका किमान सात दिवस आधी हवी. आदल्या रात्री आलेल्या विषयावर ‘पुढच्या बैठकीत घेऊ’ म्हणायला लाजू नका.
- ‘माहितीस्तव’ असा शिक्का असलेला विषय आला की विचारा: सही झाली आहे का? झाली असेल तर तसं इतिवृत्तात लिहायला सांगा. तीन बैठका हे लिहून घेतलं, की चौथ्या वेळी विषय आधी येतो.
- ‘सर, हे तांत्रिक आहे’ असं कुणी म्हणालं तर ‘मग मला समजेल असं एका पानात द्या’. एका पानात मांडता येत नसेल, तर बहुतेक वेळा त्यांनाही ते नीट ठाऊक नसतं.
- स्वतःच्या खोलीतलं वायफाय बैठकीत काढू नका. त्यासाठी तिकीट टाका.
- इतिवृत्ताचा मसुदा आला की त्याच दिवशी वाचा. ‘चर्चा झाली’ आणि ‘सदस्यांनी आक्षेप नोंदवला’ यांतला फरक नंतर दुरुस्त होत नाही.

9. जाताना फाईल मागे ठेवा

तुमची मुदत संपेल. पुरवठादार आणि अधिकारी तिथेच असतील. करारांची यादी, तारखांचा तक्ता, अजून उत्तर न आलेली पत्रं आणि कोणता विषय कितव्यांदा पुढे ढकलला याची नोंद, एवढं नव्या सदस्याला स्वतः नेऊन द्या. समितीच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवा, स्वतःच्या खात्यात नाही. माझ्या आधीच्या सदस्यांनी सगळं मन लावून जपलं होतं, पण स्वतःच्या ईमेलमध्ये. ते निवृत्त झाले, नव्वद दिवसांनी खातं बंद झालं, धोरणानुसार. ते धोरण आमच्याच समितीनं मंजूर केलेलं होतं.